नेटवर्कवरची उपकरणं शोधणाऱ्या टूलचं डेबियन पॅकेज कसं करावं

लॅनवर कोणकोणती यंत्रं चालू आहेत हे सांगणारं एक छोटं टूल तुम्हाला आवडलं आहे. त्याचा सोर्स कोड खुला आहे, पण डेबियन या लिनक्स प्रणालीत ते अजून आलेलं नाही. मग त्याचं पॅकेज, म्हणजे डेबियनवर सहज इन्स्टॉल करता येईल असा गठ्ठा, तुम्हीच करा. फायली योग्य जागी नेऊन ठेवणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरा विचार करावा लागतो तो या प्रोग्रामला किती अधिकार द्यायचे याचा. हे टूल रॉ सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट थेट हाताळायची वाट, उघडतं आणि लॅनवरच्या कुणाही अनोळखी यंत्राने पाठवलेली पॅकेट वाचतं.

सुरुवात परवान्यापासून करा. प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावरचा मजकूर वाचा, फक्त मुख्य परवाना पाहून थांबू नका. कुठून तरी उचललेली एखादी फाइल वेगळ्या अटींवर असते आणि पॅकेज नंतर तिथेच अडतं. पॅकेजला द्यायचं नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना, हेही पाहा. मग डेबियनच्या बग नोंदवहीत डब्ल्यूएनपीपी (नव्या आणि मदत हव्या असलेल्या पॅकेजांची यादी) या नावाखाली बग नोंदवून ‘मी हे पॅकेज करतोय’ असं जाहीर करा. या नोंदीला आयटीपी (इंटेंट टू पॅकेज) म्हणतात. त्यामुळे एकाच कामावर दोघं राबत नाहीत.

आता मूळ टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उतरवा, त्याला पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि ‘ओरिग’ अशा साच्यातलं नाव द्या आणि उघडलेल्या सोर्समध्ये ‘डेबियन’ नावाची डिरेक्टरी करा. तिच्यात कंट्रोल (पॅकेजची माहिती आणि त्याला काय लागतं ते), रूल्स (बिल्ड कसं करायचं ते), चेंजलॉग आणि कॉपीराइट या फायली लागतात, शिवाय सोर्सचा फॉरमॅट सांगणारी एक छोटी फाइलही. तिथे ‘३.० क्विल्ट’ लिहा, म्हणजे तुमचे बदल मूळ सोर्सपासून वेगळे, पॅच म्हणून राहतात. कंट्रोलमध्ये बिल्डसाठी डेबहेल्पर या पॅकेज बांधणाऱ्या साधनाची कॉम्पॅट पातळी १३ आणि बहुधा पॅकेट पकडणाऱ्या लिबपीकॅप लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज मागावं लागेल. चालताना लागणाऱ्या लायब्ररींची यादी हाताने लिहू नका. त्यासाठी ठरलेलं व्हेरिएबल आहे, ते बायनरी तपासून यादी स्वतः भरतं. टूल फक्त लिनक्स कर्नलवरच चालत असेल तर आर्किटेक्चरमध्ये सरसकट ‘एनी’ न लिहिता ‘लिनक्स-एनी’ लिहा.

रूल्स ही खरं तर एक मेकफाइल, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या सांगणारी फाइल, आहे. तीन-चार ओळींत काम भागतं, फक्त आतली ओळ स्पेसने नव्हे तर टॅबने सुरू करा. मात्र टूलची मेकफाइल लेखकाने हाताने लिहिलेली असेल तर ती नीट वाचा. अशा मेकफाइल बऱ्याचदा सगळं ‘यूएसआर-लोकल’मध्ये टाकतात, म्हणून इन्स्टॉलची पायरी ओव्हरराइड करून प्रिफिक्स ‘यूएसआर’ द्या. कंपायलरचे फ्लॅग तिथे पक्के लिहिलेले असतील तर डेबियनचे संरक्षक फ्लॅग दुर्लक्षित होतात. बाहेरून आलेली पॅकेट उलगडणाऱ्या प्रोग्रामला हे चालणार नाही. मेकफाइल पॅच करा, रूल्समध्ये हार्डनिंगचे (म्हणजे याच संरक्षक फ्लॅगचे) सगळे पर्याय चालू करा आणि पॅच मूळ लेखकालाही पाठवा.

आता अधिकारांकडे वळू. काही मेकफाइल इन्स्टॉल करताना बायनरीला सेटयूआयडी रूट करून टाकतात, म्हणजे कुणीही चालवली तरी ती रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारांनी चालते. ती ओळ काढाच. पॅकेट उलगडणाऱ्या कोडमध्ये एक चूक निघाली तर यंत्रावरच्या कुठल्याही वापरकर्त्याला रूट होण्याची वाट मोकळी होते. कॅप-नेट-रॉ ही एकच कॅपेबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकारांतला फक्त रॉ सॉकेटपुरता तुकडा, देणं त्यापेक्षा बरं. डेब फाइलमधून ती टिकून येत नाही, त्यामुळे इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये लावावी लागते. पण माझं मत स्पष्ट आहे: मुळात काहीच देऊ नका. नेटवर्क चाळायचा हक्क यंत्राच्या प्रशासकाकडे राहू द्या, प्रोग्राम प्रशासकाच्या आज्ञांसाठी असलेल्या ‘एसबिन’मध्ये ठेवा आणि मॅन पेज (मदतीचं पान) आठव्या विभागात. कॅपेबिलिटी कशी लावायची हे रीडमी-डेबियनमध्ये लिहा, म्हणजे ज्याला हवी तो विचार करून लावेल.

मॅक पत्त्याचे (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याचे) पहिले २४ बिट सहसा उत्पादक कोण ते सांगतात, त्यामुळे अशा टूलसोबत उत्पादकांची यादी येते. ती शिळी होत जाते. डेबियनमध्ये आयईईई-डेटा नावाचं पॅकेज याच कामासाठी आहे. टूलला तिथली फाइल वाचायला लावा आणि सोबत आलेली प्रत वापरू नका. बिल्ड चालू असताना यादी इंटरनेटवरून ओढणारी स्क्रिप्ट असेल तर ती बंदच करा. डेबियनच्या मुख्य विभागातल्या पॅकेजला बिल्डच्या वेळी नेटवर्क वापरायची परवानगी नाही.

बिल्ड एसबिल्डसारख्या साधनाने स्वच्छ वातावरणात करा, जिथे फक्त कंट्रोलमध्ये मागितलेलंच असतं. तुमच्या यंत्रावर आधीच असलेल्या लायब्ररींमुळे कंट्रोलमधली उणीव झाकली जाते. नंतर पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन चालवा आणि त्याची प्रत्येक तक्रार समजून घ्या. नुसती दाबून टाकू नका.

चाचणी मात्र मन लावून लिहा, कारण ‘आवृत्ती छापली’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ऑटोपीकेजीटेस्ट या डेबियनच्या चाचणी व्यवस्थेत दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगळी नेटवर्कं) तयार करा, व्हेथ जोडीने, म्हणजे आभासी केबलने, जोडा आणि १९२.०.२.० च्या पट्ट्यातले पत्ते द्या. तो पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला आहे. एका बाजूने टूल चालवा आणि दुसऱ्या बाजूचा मॅक पत्ता उत्तरात येतो का ते पाहा. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारा एआरपी हा प्रोटोकॉल १९८२ पासून याच साध्या प्रश्नोत्तरावर चालतो, त्यामुळे खरी चाचणी अशी बंद खोलीतही होते आणि कुणाच्या खऱ्या नेटवर्कला धक्का लागत नाही. चाचणीला रूट आणि वेगळं यंत्र लागतं हे तिच्या कंट्रोल फाइलमध्ये नोंदवा.

अपलोडचा हक्क नसेल तर स्पॉन्सर, म्हणजे तुमचं पॅकेज तपासून अपलोड करणारा डेबियन डेव्हलपर, शोधा. त्यासाठी ‘स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स’कडे बग नोंदवतात. नवं पॅकेज ‘न्यू’ रांगेत थांबतं, तिथे परवान्यांची माणसांकडून तपासणी होते. या वाट पाहण्याच्या काळात वॉच फाइल लिहून ठेवा, म्हणजे मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती फाइल वाचणारं यूस्कॅन तुम्हाला सांगेल.