मोंढ्याचं सॉफ्टवेअर लिहायला बसण्याआधी

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची आवक सुरू होते, म्हणून आडतीचं सॉफ्टवेअर कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचं ते पोळ्याच्या आत ठरवा. आधी कागदावर मांडा, प्रोग्रॅममध्ये बाहेरून काय काय येतं: काट्यावरचं वजन, मुनीमजींनी टाइप केलेली नावं, मोबाईलवरून आलेले फोटो. आपल्याला कोणती भाषा येते हे त्यानंतर.

काट्याचा भाग मी लातूरच्या मोंढ्यात एका दुकानासाठी सी या भाषेत लिहिला होता. वजनासाठी आठ अक्षरांची जागा ठेवलेली. एकदा केबल सैल झाली, दोन वजनं चिकटून आली आणि जास्तीचे आकडे शेजारच्या जागेत घुसले. शेजारी होता भाव! पट्टीवर भलताच दर छापून निघाला, आणि चूक धरली ती शेतकऱ्यानं. सी अशा वेळी चूं करत नाही. जावा, पायथन, गो किंवा रस्ट असती तर प्रोग्रॅम तिथंच एरर देऊन थांबला असता.

जुना सी कोड ठेवायचाच असेल तर त्यातलं 'गेट्स' हे फंक्शन शोधून काढून टाका; जागा किती आहे ते न बघताच ते आलेली ओळ आत घेतं. १९८८ च्या मॉरिस वर्मला, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरलेल्या प्रोग्रॅमला, शिरायला जे रस्ते सापडले, त्यातला एक हाच. सीच्या २०११ च्या प्रमाणातून ते हद्दपारच झालं. समोरच्यानं सांगितलेली लांबीही खरी धरू नका. २०१४ चं हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएल या लायब्ररीतलं भोक, तेवढ्यावरूनच झालं.

रस्ट घेतलीत तर 'अनसेफ' कुठं कुठं लिहिलंय ते मोजून ठेवा; तेवढ्या भागात भाषेची राखण सैल होते. आणि मुनीमजींनी टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमाच्या, ओळीत जोडलं, तर कुठलीच भाषा वाचवत नाही; हुकूम आणि नाव वेगवेगळं पाठवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा. बाहेरच्या लायब्रऱ्यांची आवृत्त्यांसकट यादी करा. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीचं भोक उघडं पडलं, तेव्हा 'आमच्यात ती आहे का' हे शोधण्यातच लोकांचे दिवस गेले. आणि ती लायब्ररी होती जावाचीच, म्हणजे भाषा सुरक्षित असूनही.

शेवटी ॲड्रेस सॅनिटायझर (जागेबाहेरचं लिहिणं पकडणारं साधन) लावून काट्याच्या कोडवर वेडीवाकडी वजनं सोडा, केबल मध्येच उपसून बघा. पण हे मोंढा बंद असेल त्या दिवशी. एकदा हमालांनी कट्टे टाकायला सुरुवात केली की काट्याजवळ कोणी उभं राहू देत नाही.