टेक्स्ट फाइलमधल्या नेमक्या ओळी शेलने कशा वेगळ्या काढाव्यात

शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मोठ्या टेक्स्ट फाइलमधून ठराविक नमुन्याच्या ओळी काढायला बहुतेक वेळा ग्रेप ही एकच आज्ञा पुरते. केन थॉम्पसन यांनी लिहिलेली ही आज्ञा १९७३ सालच्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत आली. आज ती लिनक्सवर आणि मॅकवर तयारच मिळते. आज्ञा सोपी आहे, अवघड आहे तो नमुना. नमुना सैल राहिला तर नको त्या ओळी येतात, पण त्या निदान डोळ्यांसमोर असतात. नमुना जास्त आवळला तर हव्या असलेल्या ओळी निसटतात आणि त्या स्क्रीनवर नसल्यामुळे कळतही नाही. म्हणून माझा आग्रह एकच: निवडलेल्या ओळी पाहाल तेवढ्याच काळजीने वगळलेल्या ओळीही पाहा.

खाली आज्ञांची आणि पर्यायांची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची (ग्रेप म्हणजे grep, ऑक awk, एको echo, एक्झिट exit, डब्ल्यूसी wc, टीआर tr, सेट set, बिन bin, एसएच sh, -ईक्यू -eq). पर्यायांपैकी -ई आणि -एफ कॅपिटल, बाकी सगळे लहान लिपीत. फाइलचं नाव आणि शोधायचा मजकूर मात्र खरोखर देवनागरीत चालतो.

सरावासाठी 'नोंदी' नावाची फाइल करा आणि तिच्यात या आठ ओळी टाका (चौथी ओळ रिकामी आहे):

2024-03-07 10:15 सूचना सेवा सुरू झाली
2024-03-07 10:16 चूक फाइल सापडली नाही
2024-03-07 10:18 इशारा जागा कमी आहे

# दुसऱ्या दिवसाच्या नोंदी
2024-03-08 09:02 सूचना घड्याळाची अचूक वेळ लावली
2024-03-08 09:40 चूक जोडणी तुटली
2024-03-08 09:55 सूचना आधीची चूक दुरुस्त झाली

पायरी १: साधा शोध

ग्रेप -एन 'चूक' नोंदी

-एन मुळे प्रत्येक ओळीआधी तिचा क्रमांक येतो. सुरुवातीला तो नेहमी लावा, कारण कुठल्या ओळी आल्या आणि कुठल्या राहिल्या हे लगेच कळतं. नमुना एकेरी अवतरणात ठेवायची सवयही आत्ताच लावून घ्या. तारका, डॉलर, कंस या चिन्हांना शेलमध्ये स्वतःचा अर्थ आहे, आणि अवतरण नसेल तर ग्रेपपर्यंत पोचण्याआधीच शेल त्यांचं काहीतरी करून टाकतो.

पायरी २: नमुना नेमका करा

वरच्या आज्ञेने २, ६, ७ आणि ८ अशा चार ओळी येतात. आपल्याला हव्या आहेत फक्त 'चूक' या प्रकारच्या नोंदी, म्हणजे २ आणि ७. सहावी ओळ आली ती 'अचूक'मुळे, कारण ग्रेप शब्द ओळखत नाही, सलग आलेली अक्षरं जुळवतो.

पूर्ण शब्दच जुळावा म्हणून -डब्ल्यू लावून पाहा:

ग्रेप -एन -डब्ल्यू 'चूक' नोंदी

सहावी ओळ गेली. आठवी मात्र आहेच, कारण तिच्या मजकुरात 'चूक' हा शब्द स्वतंत्रपणे आलेला आहे. इथे खरा प्रश्न समोर येतो. आपल्याला 'चूक' हा शब्द कुठेही असलेली ओळ नको, तो तिसऱ्या जागी असलेली ओळ हवी. जागा नमुन्यातच सांगावी लागते:

ग्रेप -एन '^[^ ]* [^ ]* चूक ' नोंदी

सुरुवातीचं ^ म्हणजे ओळीचा आरंभ. [^ ]* म्हणजे मोकळी जागा सोडून काहीही, कितीही वेळा. चौकटी कंसाच्या आतलं ^ नकार दाखवतं, बाहेरचं आरंभ दाखवतं. एकच चिन्ह दोन कामं करतं. वाचायचं असं: आरंभापासून पहिला रकाना, मोकळी जागा, दुसरा रकाना, मोकळी जागा, मग 'चूक' आणि पुन्हा मोकळी जागा. आता बरोबर दोन ओळी येतात.

आणखी थोडी चिन्हं ओळखीची असू द्या. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि $ म्हणजे ओळीचा शेवट. शोधायच्या मजकुरातच टिंब, तारका असली आणि ती जशीच्या तशी हवी असली तर -एफ लावा, मग कुठल्याच चिन्हाला खास अर्थ राहत नाही. 'हे किंवा ते' असा शोध हवा असेल तर -ई लावून मधे उभी रेघ द्या: 'चूक|इशारा'. जुन्या लेखांत यासाठी ईग्रेप आणि एफग्रेप अशा वेगळ्या आज्ञा दिसतील. २०२२ मध्ये आलेल्या ग्नू ग्रेप (लिनक्सवर सहसा असते ती ग्रेप) ३.८ पासून त्या वापरल्या की इशारा छापला जातो; नव्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, त्या घेऊ नका.

पायरी ३: नको त्या ओळी काढा

-व्ही म्हणजे उलट निवड. रिकाम्या ओळी आणि # ने सुरू होणाऱ्या टिपा एकदम काढायला:

ग्रेप -ई -व्ही '^ *(#|$)' नोंदी

^ नंतरचं ' *' आधी सोडलेल्या मोकळ्या जागा सांभाळून घेतं. टॅबने सुरू होणाऱ्या अशा ओळी मात्र या नमुन्याने काढल्या जात नाहीत.

देवनागरी मजकुरात एक अडचण हमखास भेटते. 'दुसऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: कधी खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, कधी साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण ग्रेपच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. त्यामुळे कीबोर्डवरून टाइप केलेला नमुना रिकामा परत येतो आणि शब्द तर समोर दिसत असतो. अशा वेळी नमुना फाइलमधूनच कॉपी करा, किंवा त्या जोडाक्षराच्या आधीपर्यंतचाच भाग शोधा: 'दुस'.

पायरी ४: रकान्यांसाठी ऑक

तुलना करायची असेल, म्हणजे अमुक वेळेनंतरच्या नोंदी हव्या असतील, तर ग्रेपशी झगडू नका. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केलेली ऑक ही भाषा अशाच कामासाठी आहे. ती प्रत्येक ओळीचे रकाने आपोआप पाडते; $1 म्हणजे पहिला रकाना, $2 दुसरा, $3 तिसरा:

ऑक '$3 == "चूक"' नोंदी
ऑक '$1 == "2024-03-08" && $2 > "09:30"' नोंदी

पहिली आज्ञा दुसऱ्या पायरीतल्या लांबलचक नमुन्याचंच काम करते, आणि सहा महिन्यांनी वाचली तरी समजते. रकाने असलेल्या फाइलसाठी मी हीच निवडेन. दुसरी आज्ञा सातवी आणि आठवी ओळ देते.

पायरी ५: स्क्रिप्ट लिहा

तेच काम वारंवार असेल तर 'निवड' नावाच्या फाइलमध्ये एवढं लिहा:

#!/बिन/एसएच
[ $# -ईक्यू 2 ] || { एको 'नमुना आणि फाइल द्या' >&2; एक्झिट 2; }
ग्रेप -ई -- "$1" "$2" > "$2.ठेवलेल्या"
ग्रेप -ई -व्ही -- "$1" "$2" > "$2.वगळलेल्या"
डब्ल्यूसी -एल "$2" "$2.ठेवलेल्या" "$2.वगळलेल्या"

आणि अशी चालवा:

एसएच निवड '^[^ ]* [^ ]* चूक ' नोंदी

मूळ फाइलच्या ८ ओळी, ठेवलेल्या २, वगळलेल्या ६ असे आकडे दिसतील; खालची बेरीज सोडून द्या. आता वगळलेल्यांची फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचा. फाइल प्रचंड असेल तर निदान मधूनमधून चाळा. निसटलेली ओळ इथेच सापडते. मूळ फाइलचा आकडा एकाने कमी आला तर घाबरू नका: तिच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू झालेली नसते, आणि डब्ल्यूसी मोजतं ती ओळ संपल्याची खूण.

स्क्रिप्टमध्ये $1 म्हणजे चालवताना दिलेला नमुना आणि $2 म्हणजे फाइल. त्यांच्याभोवतीची दुहेरी अवतरणं काढू नका, नाहीतर नमुन्यातल्या मोकळ्या जागांवर त्याचे तुकडे पडतात. दोन आडव्या रेघा आहेत त्या नमुनाच आडव्या रेघेने सुरू झाला तर त्याला पर्याय समजलं जाऊ नये म्हणून. काही जण इथे लूप लावून एकेक ओळ वाचतात आणि तपासतात. ते फार हळू चालतं आणि त्याची गरजही नाही, ग्रेप पूर्ण फाइल स्वतःच वाचतो.

निकाल कधीही मूळ फाइलवरच वळवू नका. '> नोंदी' असं लिहिलं की ग्रेप सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतो.

काहीच सापडलं नाही तर

आधी फाइल कुठून आली ते पाहा. विंडोजमध्ये तयार झालेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्त असतं, म्हणून 'झाली$' हा नमुना जुळत नाही. ते असं काढा:

टीआर -डी '\015' < नोंदी > नोंदी-स्वच्छ

स्क्रिप्टमधून तपासताना ग्रेप परत देत असलेला अंक पाहा: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, आणि फाइलच नसणं किंवा नमुना चुकीचा असणं अशी अडचण आली तर २. नुसतं 'आहे की नाही' विचारायचं असेल तर -क्यू लावा, काहीही छापलं जात नाही:

ग्रेप -क्यू 'इशारा' नोंदी && एको 'इशारा आहे'

स्क्रिप्टच्या वर 'सेट -ई' लिहिलेलं असेल (इथला ई लहान लिपीतला) तर १ आला की स्क्रिप्ट तिथेच थांबते, जरी 'एकही ओळ जुळली नाही' हे उत्तर अगदी योग्य असलं तरी. अशा ठिकाणी ग्रेपच्या पुढे '|| [ $? -ईक्यू 1 ]' जोडा. मग १ आला तर काम पुढे चालतं आणि २ आला तर स्क्रिप्ट थांबते.