‘अ’ की ‘ॲन’? आधी शब्द देवनागरीत लिहून बघा

इंग्रजी व्याकरणातला ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ हा नियम पाचवीपासून पाठ असतो आणि सहामाहीच्या पेपरात ‘ॲन युनिफॉर्म’ लिहून मार्क जातो. कारण ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून ठरत नाही, पुढच्या शब्दाच्या पहिल्या उच्चारावरून ठरतं. मराठी मुलांना इथे एक फायदा आहे, तो शाळेत क्वचितच कुणी सांगतं: देवनागरीत आपण उच्चारच लिहितो.

म्हणून गाळलेली जागा दिसली की तिच्या लगेच पुढचा शब्द समासात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल (ॲ आणि ऑ धरून) तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अम्ब्रेला, ऑनेस्ट, अवर यांच्याआधी ‘ॲन’. युनिफॉर्म, युरोपियन यांच्याआधी ‘अ’, कारण य हे व्यंजन. वन-रुपी कॉइनलाही ‘अ’, कारण सुरुवात व ने. हॉटेलमधला ह ऐकू येतो, तिथे ‘अ’. अवरमध्ये एच नुसता लिहायला आहे.

लघुरूपांनाही हेच लागू. एम, एस, एक्स ही अक्षरं व्यंजनं असली तरी त्यांची नावं ए ने सुरू होतात, म्हणून ॲन एमएलए, ॲन एक्स-रे, ॲन एसटी बस. पण अ यूपीआय पेमेंट. आकडे असतील तर तेही इंग्रजीत वाचून बघा: ८, ११, १८ आणि ८० ते ८९ यांच्याआधी ‘ॲन’ येतं.

ही युक्ती फसते ती आपल्या लिहिण्याच्या सवयीमुळे. वर्ष आणि कान, दोन्ही आपण ‘इयर’ असेच लिहितो. वर्षाचा उच्चार यिअर, म्हणून ‘अ यिअर’; कानाचा इअर, म्हणून ‘ॲन इअर’. बोलताना एकला ‘येक’ म्हणायची सवय असेल तर एगचंही ‘येग’ होतं आणि उत्तर चुकतं. शंका आली की डिक्शनरी ॲपमधला स्पीकर दाबून ऐका.

बघायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नव्हे. ॲन ॲपल, पण अ रेड ॲपल. अ बुक, पण ॲन ओल्ड बुक. बऱ्याच चुका इथल्या असतात.

मुळात आर्टिकल (म्हणजे अ, ॲन, द) हवं की नको, हा प्रश्न जास्त अवघड, कारण मराठीत आर्टिकल नाहीच. ‘तो डॉक्टर आहे’ यात आपण ‘एक’ म्हणत नाही, म्हणून मुलं ‘ही इज डॉक्टर’ लिहितात. तिथे ‘अ’ लागतंच. उलट मराठीत एक सल्ला, एक बातमी चालतं; इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, होमवर्क, फर्निचर मोजत नाहीत. ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर. माय, युअर, धिस आधी लागलं असेल तर आर्टिकल नको.

‘द’ चं थोडक्यात. कुठली वस्तू ते ऐकणाऱ्याला कळलेलं असेल तेव्हा ‘द’: आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज लेम. नद्या, समुद्र, पर्वतरांगांना ‘द’ (द गोदावरी), एकट्या शिखराला नाही. मात्र सर्वांत उंच, सर्वांत मोठं म्हटलं की हवंच: कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. स्वराआधी ‘द’ चा उच्चार ‘दी’ होतो. देवनागरीची चाचणी तिथेही चालते.

सरावाला इंग्रजी पेपरातली एक छोटी बातमी घ्या. दुसऱ्या कुणालातरी पाच-सहा ओळींतली सगळी आर्टिकल्स व्हाइटनरने खोडायला सांगा, मग तुम्ही भरा. आधी फोटो काढून ठेवा, म्हणजे उत्तरं ताडून बघता येतील. बातमीचा मथळा मात्र घेऊ नका. जागा वाचवायला तिथे आर्टिकल्स मुद्दाम गाळलेली असतात.