ग्रंथपालाला काय सांगाल?

‘एखादं चांगलं पुस्तक सुचवा’ एवढंच म्हटलं तर ग्रंथपालही अडखळतो. त्यापेक्षा शेवटचं आवडलेलं पुस्तक सांगा आणि त्यात नेमकं काय भावलं तेही: कथानक, पात्रं, तिथला काळ-परिसर की भाषा? अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचनाची हीच चार दारं मानली आहेत. माझ्या मते वय सांगण्यापेक्षा हे सांगणं कितीतरी उपयोगाचं. अर्धवट सोडलेलं पुस्तकही जरूर सांगा. नावडीतून आवड पटकन कळते.

पुस्तक मुलासाठी हवं असेल तर मुलालाच बोलू द्या. नुकतंच वाचायला लागलेलं असेल तर मधलं एखादं पान वाचायला लावा. पाचेक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा. पण डायनासोरचं वेडच असेल, तर अवघड पुस्तकही खुशाल घ्या. आवडीच्या विषयात मुलं अवघड शब्दांना घाबरत नाहीत. आजी-आजोबांसाठी मोठ्या टाइपातलं पुस्तक किंवा ऑडिओबुक आहे का, ते विचारा.

घरी आणलेलं पुस्तक रुचत नाही? पर्ल यांचा हिशेब सोपा आहे. पन्नाशीपर्यंत ५० पानं वाचून बघायची. त्यापुढे १०० मधून वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं. सत्तराव्या वर्षी ३० पुरेत.