चिनी भाषकाला इंग्रजीतलं 'ऑलरेडी' कसं शिकवावं?

मँडरिन बोलणाऱ्या कुणाला तुम्ही इंग्रजी शिकवत असाल, तर 'ही ऑलरेडी गो' हे वाक्य कधी ना कधी कानावर पडेलच. लगेच चूक म्हणून खोडू नका. त्याच्या मनात असतं 'था ईजिंग त्सौ ल'. 'ईजिंग' म्हणजे आधीच, 'त्सौ' म्हणजे जाणं, आणि शेवटचा इवलासा 'ल' सांगतो की गोष्ट घडून गेली. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'ईजिंग'ला 'ऑलरेडी' सापडतं, 'ल' मात्र वाटेत गळून पडतो.

म्हणून पहिल्यांदा 'ल' शोधायला लावा. जिथे 'ल' असेल तिथे बहुतेक वेळा क्रियापदाचं रूप बदलायचं: 'ही हॅज ऑलरेडी लेफ्ट'. अमेरिकन बोलण्यात 'आय ऑलरेडी एट' सर्रास चालतं, पण 'ईट'चं 'एट' तिथेही करावंच लागतं. सिंगापूरच्या बोलीत मात्र 'ही गो ऑलरेडी' असं खुशाल म्हणतात, तिथे 'ऑलरेडी'च 'ल'चं काम करतं. ती त्या बोलीची स्वतःची रीत आहे, तिला हिणवू नये. परीक्षेत ती चालत नाही, एवढं सांगावं.

पुढची पायरी नकाराची, आणि खरी मेख इथेच आहे. 'जेवलास का?' याला चिनी माणूस 'हाय मेय' म्हणतो, म्हणजे आपलं 'अजून नाही'. त्याला 'नॉट येट' द्या, लगेच जमेल. पण सिगारेट सोडलेला माणूस चिनीत 'वो ईजिंग बू छौयान ल' म्हणतो ('बू' म्हणजे नाही) आणि इंग्रजीत 'आय ऑलरेडी डोन्ट स्मोक'. मराठीत आपण इथे 'आता' वापरतो: 'मी आता ओढत नाही'. इंग्रजीत 'ऑलरेडी' काढूनच टाकायचं: 'आय डोन्ट स्मोक एनीमोअर'. 'ईजिंग'च्या मागोमाग 'बू' आला की थांबायचं, ही खूण वहीत लिहूनच द्या.

शेवटी प्रश्न. 'हॅव यू फिनिश्ड येट?' म्हणजे नुसतं 'झालं का?' आणि 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' म्हणजे 'एवढ्यात झालंसुद्धा?' हे नवल चिनीत बहुतेक वेळा 'ज्यो' या शब्दात असतं: 'था छी द्येन ज्यो लाय ल', सातलाच आला की! हे समजावताना व्याकरण बाजूला ठेवा. दोन्ही प्रश्न मोठ्यानं विचारा आणि दुसऱ्याला भुवया उंचावा.