चुंबक लावायच्या आधी तापमापी लावा: हायड्रोजनच्या सेलवर चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग

पाण्यापासून हायड्रोजन काढताना जास्तीचं व्होल्टेज खातो तो मुख्यतः ॲनोड, म्हणजे ऑक्सिजनची बाजू. हायड्रॉक्साइडमधले इलेक्ट्रॉन सगळे जोडीनं असतात; ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन एकटे असतात आणि दोघांचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा छोट्या चुंबकासारखा गुण) एकाच दिशेचा. ही जुळवाजुळव जड जाते. उत्प्रेरक स्वतः चुंबकीय असेल आणि त्याला बाहेरून क्षेत्र दिलं, तर त्यातले स्पिन एका रांगेत येऊन काम हलकं होतं. 2019 साली स्पेनमधल्या तारागोना इथल्या संशोधकांनी निकेल-झिंक फेराइटजवळ (फेराइट म्हणजे लोहासोबत इतर धातूंचं चुंबकीय ऑक्साइड) साधं निओडिमियम चुंबक आणून हे दाखवलं. क्षेत्र अर्ध्या टेस्लाच्या आतच होतं. फेराइट मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्र विभागांच्या चांगल्या ओळखीचं, म्हणून हा प्रयोग इथं जरूर करावा.

निकेल फेराइटसाठी निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट 2.91 ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट 8.08 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट 6.30 ग्रॅम 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. अमोनियानं पीएच 7 करा, 80 अंशांवर ढवळत आटवा. जेल झाली की आच वाढवा. ती आपोआप पेट घेते आणि तांबूस-तपकिरी धूर निघतो. त्यामुळे फ्यूम हूडखाली, 500 मिलीच्या बीकरमध्येच करा. उरलेली राख खलून 600 अंशांवर 4 तास भाजा. सव्वादोन ग्रॅमच्या आसपास पूड मिळते. कागदाखालून चुंबक फिरवला की पूड मागोमाग सरकली पाहिजे. एवढ्यावर विसंबू नका, एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख; इथले अंश कोनाचे) काढा: मुख्य शिखर 35.7 अंशांजवळ हवं. 33 अंशांजवळही शिखर दिसलं, तर हेमटाइट (नुसतं लोहाचं ऑक्साइड) राहिलंय.

निकेल फोमचा (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलचा) 1 चौ. सेंमी तुकडा 3 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 10 मिनिटं सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) पाण्यानं आणि अल्कोहोलनं धुवा. 5 मिग्रॅ पूड, 750 मायक्रोलिटर आयसोप्रोपॅनॉल, 220 पाणी आणि 30 नाफिऑन (पूड चिकटवून ठेवणारं पॉलिमरचं द्रावण) अर्धा तास सोनिकेट करा. त्यातले 400 मायक्रोलिटर फोमवर चार थरांत लावा, प्रत्येक थर वाळू द्या. कार्बन मिसळू नका. ॲनोडवर तो स्वतःच जळत जातो आणि करंट फुगलेला दिसतो.

सेलमधलं द्रावण 1 मोलर केओएचचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं). पाकिटातल्या गोळ्या बहुधा 85 टक्क्यांच्या असतात, म्हणून लिटरला 56 नव्हे, 66 ग्रॅम घ्या. गोळ्या थोड्या थोड्या पाण्यात टाका, द्रावण चांगलंच तापतं. गॉगल आणि हातमोजे हवेतच. बोअरचं पाणी तर नाहीच, आरओचंही नको. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅथोडवर पांढरा थर धरतात. काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनचं बीकर वापरा. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत ॲनोडचं व्होल्टेज मोजायचं तो) मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घ्या.

आता चुंबक. 40×20×10 मिमीचा निओडिमियमचा ठोकळा बीकरच्या बाहेर ठेवा. आत बुडवला तर मुलामा सुटून तो गंजतो. क्षेत्र अंतरानं झपाट्यानं घटतं, म्हणून गॉसमीटरनं (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या यंत्रानं) इलेक्ट्रोडच्या जागी मोजा, चुंबकाच्या तोंडावर नाही. निकेल फोम चुंबकाकडे ओढला जातो आणि भिंतीला चिकटून बुडबुडे अडकवतो. ॲक्रिलिकच्या खाचेत तो घट्ट बसवा. सेलखालचा मॅग्नेटिक स्टरर काढून टाका. त्यातही चुंबकच असतो, आणि "चुंबक काढलेला" असतानाही फोमला क्षेत्र मिळत राहतं.

बहुतेक प्रयोग फसतात ते तापमानात. परभणी-नांदेडला मे महिन्यात खोली सकाळी 30 आणि दुपारी 40 अंश असते; या दहा अंशांनी ॲनोडचं व्होल्टेज चुंबकाइतकंच उतरू शकतं. सकाळी चुंबकाविना आणि जेवणानंतर चुंबकासह मोजलंत, तर मोजलं ते ऊन. बीकर दहा लिटर पाण्याच्या टबात ठेवा, तापमापी द्रावणातच बुडवा आणि अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला तर ती फेरी सोडून द्या.

आधी 50 सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पट्ट्यात वर-खाली फिरवणं) फेऱ्या देऊन इलेक्ट्रोड स्थिरावू द्या. मग 100 मिलीॲम्पिअर ठेवून 5 मिनिटं चुंबक, 5 मिनिटं चुंबकाविना, अशा पाच जोड्या घ्या. चुंबक काढल्यावर त्याच जागी तेवढाच पितळेचा ठोकळा ठेवा, कारण हाताच्या धक्क्यानंही बुडबुडे सुटून व्होल्टेज हलतं. प्रत्येक वेळचं पहिलं मिनिट धरू नका. व्होल्टेज एकाच दिशेनं सरकत असेल, तर केओएचमधलं लोह निकेलवर बसतंय. त्यानं चुंबकाविनाही निकेल सुधारतं. लाइट गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर 20 मिनिटं थांबून पाचही जोड्या नव्यानं घ्या.

फरक मिळाला तरी तो स्पिनचाच, असं लगेच म्हणू नका. करंटला आडवं क्षेत्र असेल तर लॉरेंट्झ बल (चुंबकीय क्षेत्रातल्या करंटवर पडणारं बल) द्रावण ढवळतं. चुंबक असा फिरवा की क्षेत्र करंटला समांतर होईल. फायदा तिथंच संपला तर तो ढवळण्याचा होता. कोरा निकेल फोमही तपासा, कारण तो स्वतः चुंबकीय आहे. शिवाय टायटॅनियमच्या जाळीवर इरिडियम ऑक्साइड लावून पाहा. हे अचुंबकीय आहे, तिथं फरक दिसायला नको. कोबाल्ट फेराइट वापरलं, तर चुंबक काढल्यावरही ते चुंबकित राहतं आणि फायदा टिकतो. तिथं "काही फरक नाही" म्हणण्याआधी एसी कॉइलचा करंट हळूहळू शून्यावर आणून त्याचं चुंबकत्व उतरवा.

100 मिलीॲम्पिअरला तासाला कोरडा हायड्रोजन सुमारे 45 मिली मिळायला हवा, 25 अंश आणि एक वातावरण दाबाला. हवेत तो 4 टक्क्यांपासूनच पेटतो. नळी खिडकीबाहेर काढा.

दर 50 मिलीव्होल्ट बचतीमागे एक किलो हायड्रोजनला सुमारे 1.3 युनिट वाचतात. कायम चुंबकाला वीज लागत नाही, म्हणून ही बचत पूर्ण हाती येते. इलेक्ट्रोमॅग्नेट वापरलात तर कॉइलची वीज आधी यातून वजा करा. साधं निओडिमियम मात्र 80 अंशांवर आपली ताकद कायमची गमावू लागतं. गरम चालणाऱ्या सेलसाठी समेरियम-कोबाल्टचा चुंबक घ्या.