दिलेल्या शब्दावरून शंभर शब्दांची गोष्ट

गोष्टी लिहिणाऱ्यांच्या गटात ‘किल्ली’ असा शब्द आला की पहिली सुचलेली कल्पना बाजूला ठेवा. ती बहुतेकांना सुचलेली असते. तिसरी-चौथी घ्या. १०० शब्दांत एक प्रसंग, दोन माणसं आणि एक बदल एवढंच मावतं. मागचं-पुढचं सांगायला जागा नसते, म्हणून गोष्ट प्रसंगाच्या मधूनच सुरू करा. ‘ती दुःखी होती’ असं लिहू नका. कुलूप बदललं तरी जुनी किल्ली ती जुडग्यातून काढत नाही, एवढं पुरतं.

पहिला खर्डा १५० शब्दांपर्यंत जाऊ द्या, मग कापा. आधी विशेषणं, मग ‘अचानक’, ‘खरंतर’, शेवटी पहिलं वाक्य. ते काढूनही गोष्ट कळली, तर ते नकोच होतं. बऱ्याच गोष्टी फसतात त्या शेवटच्या धक्क्यापायी. वाचकापासून माहिती लपवली की धक्का फसवणूक वाटतो. त्याची खूण आधी कुठेतरी दिसायलाच हवी.

दुसऱ्याच्या गोष्टीवर नुसतं ‘छान!’ लिहून थांबू नका. कोणतं वाक्य लक्षात राहिलं, कुठे अडखळलात, हे नेमकं सांगा. वाक्य दुरुस्त करून मात्र देऊ नका, गोष्ट त्याची आहे. नवख्याला आधी काय जमलंय ते सांगा आणि सूचना एकच करा.